टायरात गेलेली गोधडी

काल जालन्याच्या एमआयडीसीकडं जाताना पंक्चरच्या दुकानापाशी थांबावं लागलं. तापलेल्या रबराचा वास आला आणि मला आईची गोधडी आठवली.

माझं लग्न बहात्तरच्या दुष्काळातलं. तीर्थपुरीहून सासरी निघालो आणि वाटेत भाड्याच्या जीपचं टायर फुटलं. स्टेपनी नव्हतीच. ड्रायव्हर हुसेनमामू म्हणाले, "घाबरू नका. टायरात गच्च गवत भरलं की गाडी हळूहळू बराबर जाती." ते आणि माझे मालक उन्हात तासभर बांध धुंडत हिंडले. मूठभर गवत मिळालं नाही. त्या वर्षी जनावरांनाच मिळत नव्हतं.

मग मामू माझ्या बोचक्याकडं बघत म्हणाले, "बाई, त्यात गोधडी हाय का?"

आईनं आपल्या जुन्या लुगड्यांची ती चार महिने शिवली होती. पण मी दोन रात्रींची जागी होते, घसा कोरडा पडला होता. कुठंतरी आडवं व्हावं, एवढंच वाटत होतं. "घ्या," मी म्हणाले आणि डोळे मिटले. ती फाडल्याचा आवाज तेवढा ऐकला. जीप खडखडत दिवस मावळता पोचली.

पहिल्या माहेरपणाला आईनं विचारलं, "गोधडी ऊब देती ना गं?"

"लई," मी म्हणाले.

आता सुईत दोरा ओवताना माझेच डोळे थकतात, तेव्हा ते चार महिने किती लांब होते ते कळतं. त्या दिवशी मी एकदा तरी डोळे उघडायला हवे होते.