नावाआधी कचरा लाव

माझ्या दीनानाथमामाला काही म्हणजे काही टाकवत नाही. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर एकाच लग्नाचे फोटो 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'खरंच फायनल' अशा तीन नावांनी सुखाने नांदत असतात. डिस्क भरली की कॉम्प्युटर अडून बसायचा आणि मला खारघरला फोन यायचा, "रुचिरा, डबा परत बसला गं." मग माझा शनिवार त्याचे फोल्डर उपसण्यात जायचा. हे पुसू का विचारलं की एकच उत्तर, "राहू दे, लागलं तर?" डोकं फिरायचं माझं.

शेवटी मी वैतागून एक प्रोग्रॅम लिहून दिला. जे नको असेल त्याच्या नावाआधी मामाने 'कचरा' लिहायचं. डिस्क भरत आली की 'कचरा'ने सुरू होणारे सगळे फोल्डर आपोआप, कायमचे पुसले जाणार. तीन महिने फोन आला नाही. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

एका शनिवारी मी दुकानात असताना बेलपाड्याच्या एक आजी आल्या. नवऱ्याबरोबरचा त्यांचा एकुलता एक फोटो मामाने दोन वर्षांपूर्वी सांधून दिला होता. घरचा वाळवीने खाल्ला. नवऱ्याचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं आणि तोच फोटो मोठा करून हवा होता.

मामाने शोधला, मी शोधला. सापडेना.

"आजी, कोणाच्या नावाने ठेवलाय?" मी विचारलं.

"माज्या. मालकांचा नाव मी कशी घेनार? कचराबाई लिवलाय."

आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून, यमालाही नकोसं वाटावं असं नाव आईने त्यांना ठेवलेलं. यम त्या नावाला फसून मागे फिरला होता. माझ्या प्रोग्रॅमने त्याच नावाला फसून फोल्डर पुसला होता.

"असं नाव आहे हे सांगायचं ना!" मी मामावर खेकसले.

"तू विचारलंस कुठे?"

आजी नुसत्या म्हणाल्या, "दुसरा नाय रं माज्याकडं."

मामाने मग काउंटरखालचा खण ओढला. हा खण मी कितीदा भंगारात काढायला निघाले होते! खराब निघालेल्या प्रिंटा तो त्यात कोंबतो. तासभर धूळ खाल्ल्यावर एक पोस्टकार्डाएवढी प्रिंट निघाली. नवऱ्याचा चेहरा जरा काळा आला म्हणून बाद केलेली. पण दोघं होते.

स्कॅन झाल्यावर मामाने सवयीने विचारलं, "नाव काय देऊ?"

पदर तोंडाशी धरून, उखाण्याशिवाय कधी न घेतलेलं नाव आजींनी घेतलं, "भगवान."

आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता नाय ना पुसनार?"