धुतलेली कोय

पिकल्या आंब्याचा वास आला की मला मळमळतं. उन्हाळ्यात कुणाच्या घरी गेले आणि रसाची वाटी समोर आली की मी सरळ उपास सांगते. बौद्धाघरच्या बाईला भर मे महिन्यात कसला गं उपास, म्हणून लोक छळतात. शाळेतल्या एका बाईंनी तर डॉक्टरला दाखवून घ्या म्हणून सांगितलं. डॉक्टरला काय दाखवू? आमच्या शाळेमागचा खड्डा दाखवता आला असता तर दाखवला असता.

आमचं गाव बाभुळगावपासून थोडं आत. गावाच्या पूर्वेला नाला, नाल्याच्या काठाला आमची वस्ती आणि वस्तीच्या टोकाला तो आंबा. गावठी. फळ बारकं, रेषाळ, पिकलं तरी दात आंबवणारं. बाहेरच्या माणसानं थांबून पाहावं असं त्या झाडात काही नव्हतं. पण नागपूरला दीक्षा झाली त्या वर्षी आमच्या वस्तीतली माणसं याच झाडाखाली बसली होती. माझी माय तेव्हा परकर घालायच्या वयाची. ती सांगायची, म्हातारे दोन दिवस नुसते बोलत होते. शेवटी सगळ्यांनी एक गोष्ट कबूल केली: आजपासून कुणाच्या दारात उष्टं मागायला जायचं नाही, कुणी घरी आणून दिलं तरी घ्यायचं नाही. गावातली उरलेली भाकर ज्या टोपल्यांतून यायची त्या टोपल्या झाडाखाली आणून जाळल्या. आमच्या घरची टोपली मायनं आपल्या हातानं जाळात टाकली आणि मग मंडळी नागपूरच्या वाटेला लागली. मी शिकले, गावच्याच शाळेत मास्तरीण झाले, ते त्या टोपल्या जळल्या म्हणून. त्यामुळे त्या आंब्याला कुणी साधं झाड म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

मग कापसाची ती वर्षं आली. बोंडं अळीनं खाल्ली, भाव पडला, माणसं फवारणीचं औषध पिऊन मरायला लागली. आमच्या गावातही मेली. त्यानंतर गाड्या सुरू झाल्या. पांढऱ्या गाड्या, पांढरे कपडे, कॅमेरे. जो येईल त्याला मंडप लागे, हार लागे, जेवण लागे. ज्या घरातला माणूस गेला त्या घराच्या अंगणात पाच मिनिटं आणि मंडपात दीड तास. मला त्याची किळस यायची. आजही येते, आणि ती मी लपवत नाही.

एका मे महिन्यात फारच मोठे साहेब येणार असं ठरलं. ते उडत येणार होते. हेलिकॉप्टर उतरायला सपाट जागा नाल्याकाठीच होती आणि आंबा तिच्या कडेला उभा. सरपंच वस्तीत आला. मायला म्हणाला, "मावशी, झाड आडवं येऊन राह्यलं. पंख्याले फांदी लागली तं नाव आमचं खराब होईन."

माय म्हणाली, "त्याईले म्हणा पायी या. आमी पायीच गेलतो."

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. नुसतं तोडलं नाही, मुळासकट उपटलं, खड्डा बुजवला, वरून रोलर फिरवला. त्यावर चुन्याचा मोठा गोल काढला. झाडाला फळं होती, पाडाला आलेली. सरपंचाच्या माणसांनी आधी पोती भरली आणि शाळेच्या रिकाम्या खोलीत तणसात घालून पिकायला आंब्यांचा माच लावला, पाहुण्यांच्या रसासाठी. गवतात उरलेसुरले आंबे आमच्या बायांनी वेचले. टोपलीभर निघाले.

साहेबांचा दौरा आठ दिवस पुढे ढकलला गेला, तेवढ्यात माच छान पिकला. आणि साहेब आले ते कारनं. हवा खराब होती म्हणे. चुन्याच्या गोलात गावातली कुत्री पसरली होती. आंबा होता बरोबर त्या जागी साहेबांच्या हस्ते गुलमोहराचं रोप लावलं, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग सगळे रस प्यायला, आंबे चोखायला मंडपात गेले. तो गुलमोहर चार दिवसांत वाळला. त्याच्या भोवतीचं लोखंडी जाळं मात्र पुढे कितीतरी दिवस तिथं उभं होतं.

आमच्या वाट्याचे आंबे आम्ही घरोघर खाल्ले. मायनं कोय न् कोय गोळा केली. वस्तीतल्या विहारापुढे याचंच झाड लावायचं, तिनं पक्कं केलं होतं. दुसरं कुठलं झाड तिला चालणार नव्हतं.

आता आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं. बी म्हटलं की ते वाळवायचं, राखेत घोळायचं आणि मृगापर्यंत जपून ठेवायचं, हे आमच्या हाडात. मायनं कोयींना सरकीसारखं शेण चोळलं आणि त्या टिनावर उन्हात खडखडीत वाळवल्या. मी डी.एड. झालेली, मी कशी मागे राहणार? कीड लागू नये म्हणून मी वरून कपाशीच्या बियाण्याला लावतात ती पावडर टाकली आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. आम्हा दोघींना आपला फार अभिमान वाटला होता.

पाऊस पडला, कोयी लावल्या. एकही उगवली नाही. सरकारी नर्सरीतून निवृत्त झालेला एक माळी आमच्या वस्तीत राहायचा. त्यानं एक कोय उकरली, चाकूनं फोडली. आतला गर काळा पडून आक्रसलेला. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, हे काय सरकी हाय का? कोय वाळली का मेली. खाल्ली, धुतली, ओली असतानीच लावा लागते. कोणी सांगतलं हे उद्योग करायले?"

कुणी सांगितलं नव्हतं. जेसीबीनं झाड मारलं आणि उरलेलं आम्ही मारलं. त्या दिवशी मला स्वतःचीच शिसारी आली.

शाळा सुरू झाली तेव्हा वर्गात बसवेना इतका वास मारत होता. मंडपातली घाण शाळेमागच्या खड्ड्यात टाकून मंडळी मोकळी झाली होती. मी पदर नाकाला लावून पाहायला गेले. पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास, सडलेले हार, वर हिरवट पाणी, त्यात वळवळणाऱ्या अळ्या आणि काठावर एक डुक्कर. आणि त्या सगळ्यातून वर आलेली तांबूस, तुकतुकीत पानं. आंब्याची. सहा रोपं.

साहेबांच्या मंडळींनी चोखून फेकलेल्या कोयी होत्या त्या. ओल्या असतानाच फेकलेल्या, म्हणून उगवलेल्या. मी काठावरच ओकले. मग चपला काढल्या, पातळ खोचलं आणि गुडघाभर चिखलात उतरले. माळ्याला बोलावलं. त्यानं मातीच्या गोळ्यासकट एकेक रोप अलगद काढलं. दहा वेळा हात धुतले तरी वास गेला नाही. मला वाटतं तो अजून गेलेला नाही.

रोपं घरी आणली. मायनं विचारलं, कुठून आणली. खोटं बोलता आलं असतं, पण तिच्याशी मला ते कधी जमलं नाही.

"म्हंजे त्याईच्या उष्ट्यातली?" ती मागे सरकली. "उष्टं सोडलं थे याच झाडाखाली. अन् त्याचंच लेकरू उष्ट्यात वाढलेलं? हे मी विहारापुढं लावू?"

"माय, दुसरं बी नाही उरलं. आपलं होतं ते आपण मारलं."

"मंग नाई उरलं. नको मले."

मी चिडले. फेकून दे मग, म्हणून ओरडले. ती दोन दिवस रोपांकडे फिरकली नाही. रोपं ओसरीवर ओल्या पोत्याखाली पडून. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर माय अंगणात घंगाळ घेऊन बसलेली. रोपांची माती पूर्ण काढून मुळं धूत होती. एकेका रोपाला तीन पाणी.

माळी कुंपणापलीकडून ओरडला, "बाई, मुळं उघडी नका करू वं! मरतीन थे!"

"मरू दे," माय म्हणाली. "पण न धुता लावत नाई."

चार रोपं आठवड्यात मेली. पाचवं शेळीनं खाल्लं. उरलेलं एक तिनं विहारापुढे लावलं आणि त्याच्या आळ्यात कुणी हात धुतलेलं पाणी टाकलं तरी ती अंगावर धावून जायची. सरपंचाला पत्ता लागला तेव्हा तो म्हणाला, ऐतिहासिक झाडाचं रोप आहे, पुढच्या दौऱ्यात साहेबाच्या हातानं माती टाकू, फोटो काढू. माय नुसती झाडू घेऊन आळ्याशी उभी राहिली.

पुढे कितीतरी वर्षांनी त्या झाडाला फळ धरलं. बारकंच, रेषाळच, पण जुन्या झाडापेक्षा जरा गोड. माय तोपर्यंत वाकली होती. ती झाडाखाली पाण्याचं घंगाळ आणि कोयी लावायला मातीनं भरलेल्या पिशव्या घेऊन बसली. आंबा कुणालाही मिळेल, अट एकच: इथंच खायचा आणि कोय परत करायची. वस्तीतले आले, गावातले आले. सरपंचही आला. आता माजी, ढेरी सुटलेला.

"मावशी, एक आंबा दे ना. जुन्या झाडाचा हाय म्हणतात."

"घ्या ना भाऊ."

त्यानं उभ्यानं चोखला, रस कोपरापर्यंत ओघळला. वास माझ्यापर्यंत आला, पण मी जागची हलले नाही. त्यानं चोखलेली कोय मायपुढे धरली. मायनं हात पुढे केला नाही.

"आमी उष्टं घेत नाई, भाऊ. धुवून द्या."

तो हसला. माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूला अर्धं गाव उभं होतं. मग तो उकिडवा बसला आणि घंगाळातल्या पाण्यानं अंगठ्यानं घासघासून कोय धुतली, तिचे केस न् केस काढले आणि पुन्हा पुढे केली. मायनं ती घेतली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि त्याच्या हातात परत दिली.

"अजून दोन पाणी," ती म्हणाली.