घागऱ्यातली एक कळी

आक्का गेली तेव्हा मानसीचा घागरा मशीनवर अर्धवट पडला होता. क्लिपा लावलेल्या, सुई कापडात तशीच.

आज वर्ष झालं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मानसी तिची एकुलती एक लेक. बिरवाडीत आम्ही दोघी जावांनी एकाच दुकानात समोरासमोर मशीन टाकून ब्लाउज शिवले आणि रोज भांडलो.

भांडण कशावरून? तर आक्काच्या पार्सलांवरून!

माहेरी, कापडे गावात, भात लावत वाढलेली बाई, पण मोबाइलवर शिलाईचं काही नवीन दिसलं की हिला राहवायचंच नाही. जॉर्जेट घसरतं म्हणून पाण्यात विरघळणारी टेप. सांडलेल्या टाचण्या उचलायला लोहचुंबक. वरचं आणि खालचं कापड सारखंच पुढे सरकावं म्हणून मशीनला लावायचा वॉकिंग फूट. आणि त्या रंगीबेरंगी क्लिपा, कारण मखमलीला टाचणी टोचली की खूण राहते.

मी म्हणायचे, "आक्का, हे कपडे वाळत घालायचे चिमटे आहेत. खाली पेपर ठेव, कच्चा टाका घाल, संपला विषय!"

"तुजा पेपर शाई सोडतो गो शोभे. माजी टेप पाण्यात जाते. आता बोल."

बोलायला मी कुठली कमी! पण मखमलीच्या बाबतीत मात्र तिचं ऐकायचंच.

साध्या कापडातून घागऱ्याच्या कळ्या, म्हणजे वर अरुंद नि खाली रुंद पट्ट्या, कापताना आम्ही एक सरळ, एक उलटी मांडतो. कापड वाचतं. मखमलीत ते चालत नाही. सगळ्या कळ्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर शिवल्यावर एक उजळ दिसते आणि एक काळपट.

कात्री लावण्याआधी आक्का डोळे मिटून मखमलीवरून हात फिरवायची.

"लव खाली जाते नाय? मग काप."

तिची एकही कळी कधी चुकली नाही.

मानसीचं लग्न ठरलं, वाईन कलरची मखमल आली. मला हातसुद्धा लावू दिला नाही बयेने. "माज्या पोरीचा घागरा हाय. मीच शिवनार."

शिवता शिवता मध्येच पोट धरून बसायची. विचारलं की, "काय नाय गो, गॅस झालाय."

गॅस! आणि आम्ही ओवा देत बसलो.

महाडला दाखवलं. तिथून मुंबईला नेलं. परत आलीच नाही.

लग्न वर्षभर पुढे ढकललं. घागरा मी पिशवीत बांधून ठेवला. उघडायची हिंमतच होईना. शेवटी मागच्या आठवड्यात मानसीनेच पिशवी माझ्यापुढे ठेवली. "काकी, लग्न तोंडावर आलंय. आता तूच पुरा कर."

एकेक क्लिप काढत शिवला. वॉकिंग फूटसुद्धा लावला, हो, मी! कापड तसूभर सरकलं नाही. "बगितलंस?" म्हणायला ती हवी होती.

मग घागरा दारात उजेडात धरला.

एक कळी काळपट.

हात फिरवला. लव वर जात होती. उलटी कापली होती. आक्काने!

आक्काच्या हाताला लव समजली नाही, म्हणजे त्या दिवशी तिला केवढं दुखत असेल. आणि तोंडातून हूं की चूं नाही. ती गेली त्या दिवशीही मी एवढी रडले नव्हते.

पण लग्नात सगळी बिरवाडी घागरा बघणार. आक्काच्या लेकीच्या घागऱ्यात चूक? छे! कापड तर उरलेलं नाही. मानसीला म्हटलं, "महाडला जुळणारी मखमल शोधते. कळी बदलू."

मानसीने त्या कळीवरून हात फिरवला. कितीतरी वेळ.

"काकी, एवढं दुखत असताना कापलीय ना तिने? मग राहू दे."

"अगो, निदान मागच्या बाजूला घेऊ. ओढणीखाली झाकली जाईल."

"नको. पुढे घे. मला दिसायला हवी."

पुढे घेतली आहे.

लग्नाला याल तेव्हा तो रंग वेगळा का, असं पोरीला कुणी विचारू नका.

आक्का, घागरा पुरा झाला गो. तुझ्या क्लिपा डब्यात नीट ठेवल्यात. त्यांना आता चिमटे म्हणणार नाही.

तुझ्या शोभीचा नमस्कार.