गाडी खाली आहे

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. आमच्या वडिलांनी फरीदाबादच्या एका बंद कारखान्यातून जुनीपुराणी पिकअप उचलून आणली. ती नोएडातल्या आमच्या इमारतीखाली उभी राहिली आणि तिचं इंजिन सुटं होऊन तिसऱ्या मजल्यावर, आईच्या बाल्कनीत आलं. इंजिन उघडायला नुसता उत्साह पुरतो, जोडायला मॅन्युअल लागतं, हे वडिलांना नंतर कळलं. आईने दिवाळीपर्यंतची मुदत दिली. नाहीतर सगळं भंगारात. वडिलांना त्या गाडीतून तिला एकदा इंडिया गेटला न्यायचं होतं. हे त्यांनी मला सांगितलं, तिला सांगायची छाती नव्हती.

दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारात महिनोन्‌महिने खेटे घातल्यावर मॅन्युअल मिळालं. वडिलांनी ते जेवता जेवताच वाचायला घेतलं, पानावर हळदीचं बोट उमटलं आणि आईने पुस्तकाची रवानगी गाडीच्या सीटवर केली. गाडीच्या मागच्या बाजूला घरची रद्दी साठवलेली होतीच.

दुसऱ्याच दिवशी कबाडीवाला आला. अख्खी नोकरी दिल्लीत काढूनही वडिलांची हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’ जोडलेलं. बाल्कनीतून बोट दाखवत ते ओरडले, “रद्दी गाड़ी में है! खाली, खाली!”

हिंदीत खाली म्हणजे रिकामी. त्या भल्या माणसाने गाडी रिकामी केली, सीटवरच्या पुस्तकासकट.

वडील त्या दिवशी जेवले नाहीत. “अहो, ‘नीचे’ म्हणायला काय झालं होतं?” आई म्हणाली. मला हसू आवरेना आणि त्यांचा चेहराही बघवेना.

पुढच्या रविवारी दर्यागंजला त्याच विक्रेत्याकडे तेच पुस्तक, हळदीच्या बोटासह.

“अंकलजी, नायाब चीज़ है,” तो म्हणाला. “बड़े कद्रदान हैं इसके। एक साहब तो पिछले हफ़्ते ही ले गए।”

“वो मैंच था,” वडील म्हणाले आणि मुकाट्याने पुन्हा पैसे दिले.

दिवाळीच्या तोंडावर गाडी खरंच सुरू झाली. आई नवी साडी नेसून शेजारी बसली. गाडी सेक्टरच्या गेटपर्यंत गेली आणि बंद पडली. वडिलांनी आणि मी घामाघूम होऊन ती ढकलत परत आणली. आई मात्र शेवटपर्यंत सीटवरून उतरली नाही.

आता वडील नाहीत. पुण्याचे नातेवाईक फोनवर विचारतात, “त्या गाडीचं काय केलंत?”

“खाली आहे,” आई सांगते.

हल्ली ते हिंदीतही खरं आहे.