खंदकातली माती

माल्टा बेटावर खडकच फार, माती थोडी. चेन्सूच्या बापाने गाढवावरून माती आणून बिरगू गावच्या तटाखालच्या खंदकात टाकली आणि उघड्या दगडाचं शेत केलं. बापामागे चेन्सू तिथे कांदे-बटाटे काढायचा. पोटी मूल नव्हतं. त्या शेतालाच त्याने पोरासारखं जपलं. दर ऑगस्टात, सान्ता मारियाच्या सणाला, सरकारी कारकून साल्वू भाडं न्यायला येई. त्या दिवशी भाडं घेतलं की पुढच्या सणापर्यंत कुळाला उठवायचं नाही, ही बेटाची रीत.

एके वर्षी सणाच्या तोंडावर लष्कराचा सार्जंट आला. म्हणाला, "तट आमचा, म्हणून खंदकही आमचा. भाडं आम्हाला."

"खबरदार चेन्सूकाका, त्यांना दिलंत तर!" साल्वूने बजावलं.

सरकार आणि लष्कर, दोन्ही कचेऱ्या इंग्लंडच्या एकाच राणीच्या, पण हिशेब वेगळे, म्हणून भाऊबंदांसारख्या भांडत होत्या. चेन्सूने आपलं डोकं चालवलं.

"दोघांनाही देऊ," तो बायकोला म्हणाला. "मग कुणाची टाप आहे मला उठवायची?"

दुसऱ्या भाड्यासाठी लोनेझाने कानातले काढून दिले. "बघा हं, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो."

तसंच झालं. दुसरा मालक मानलास म्हणून करार मोडला, आता शेत सोड, असं दोन्हीकडून सांगण्यात आलं. पैसे मात्र दोघांनीही ठेवून घेतले. मेल्यांना लाज कशी वाटली नाही!

"खडक कुणाचा ते तुम्ही बघा," चेन्सू म्हणाला, "माती माझ्या बापाची आहे."

मातीची नोंद कुणाकडेच नव्हती, त्यामुळे कुणी अडवलं नाही. सारा हिवाळा त्याने टोपल्या वाहिल्या आणि मेव्हण्याच्या परसात ढीग घातला. त्यात त्याची कंबर गेली ती गेलीच.

काही वर्षांनी दोन कचेऱ्यांच्या भांडणाचा निकाल लागला. खंदक सरकारचा ठरला. साल्वू धावत परसात आला.

"काका, जिंकलो आपण! शेत तुम्हालाच द्यायचं ठरलंय. तेवढी माती पहिल्यासारखी पसरा म्हणजे झालं."

चेन्सूने टोपली भरली. ती गुडघ्यापर्यंत उचलली गेली, त्याहून वर येईना. लोनेझा हात लावायला धावली, तर त्याने तिला बाजूला सारलं आणि पुन्हा उचलून पाहिली. मग ढिगावर बसून तो म्हातारा माणूस ओक्साबोक्शी रडला.

"साल्वू," तो शेवटी म्हणाला, "दुसरं कुणी तरणं कूळ बघ. आणि ही माती त्याला घेऊन जाऊ दे."