लक्ष्मीचा रिकामा पाट

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आहे ते आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांचं. नागपूरच्या बाजूचं आमचं तालुक्याचं गाव. तिथं वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दहावीनंतर मी दुकानात बसायचं हे घरात ठरल्यासारखंच होतं. एका रविवारी सर आपली धडधाकट सायकल घेऊन दुकानात आले आणि वडील चाक तपासत असताना माझ्या कॉलेजचा विषय काढून बसले. पुढच्या रविवारी पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. शेवटी वडील म्हणाले, "सर, सायकलीला काही झालेलं नाही. पोराला पाठवतो."

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पुढे बँकेत लागलो आणि बदल्या होत होत कोलकात्यात, बालीगंजच्या एका जुन्या इमारतीत येऊन राहिलो.

सरांची एक गोष्ट मी विसरलो नव्हतो. आठवीच्या पुस्तकात एक ओळ होती, नागपूरच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, अशा अर्थाची. आमच्याच भागातल्या फौजा म्हणून वर्गाची छाती फुगली होती. मी उभं राहून विचारलं की तिकडे गेल्यावर त्यांनी काय केलं. सरांनी पुस्तक चाळलं, पुढचं पान उलटलं आणि म्हणाले, "ते मला नाही माहीत बापा. तू कधी तिकडे गेलास, तर विचार आणि मला कळव." मास्तरांनाही एखादी गोष्ट माहीत नसते आणि तसं ते भर वर्गात सांगू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. पण तो प्रश्न पुढे मागे पडला. एका ओळीचा इतिहास. परीक्षेला कधी आला नाही.

गेल्या वर्षी दुर्गापूजेच्या मांडवात मुलांसाठी वेशभूषेची स्पर्धा होती. मराठी आईबापांना अशा वेळी दुसरं काय सुचणार? आम्ही आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला मावळा केलं. फेटा, अंगरखा, काजळाच्या मिशा, हातात लाकडी तलवार. ती रंगमंचावर आली, तलवार उपसून गरजली आणि समोरचा सगळा मांडव खो खो हसायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, "बर्गी एशे गेछे!" बर्गी आले!

बर्गी म्हणजे आपले बारगीर, पावणेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या त्या नागपूरच्या फौजांतले, सरकारी घोड्यावरचे स्वार. इथं पोरं झोपेनात की त्यांना बर्ग्यांची भीती घालतात, आपल्याकडे बागुलबुवाची घालतात तशी. परीक्षकांत खालच्या मजल्यावरचे दादू होते, माझ्या मुलीच्या जिवलग मैत्रिणीचे आजोबा. ते माइकवर म्हणाले, "तुमच्या भीतीनं आम्ही कोलकात्याभोवती बागबाजारपासून खंदक खणला, आणि तुम्ही शहरात आलाच नाहीत. आता आलात तेही बदलीची ऑर्डर घेऊन." पुन्हा हशा झाला. मीही हसलो.

मुलगी मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात पोरं तिला बर्गी म्हणायला लागली आणि तिनं खाली जाणं बंद केलं. कोजागरीला बंगाली घरांत लक्ष्मीपूजा असते. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत तांदळाच्या पिठीनं लक्ष्मीची पावलं काढतात. त्या दोघी मैत्रिणी मिळून ती काढणार असं महिनाभर आधीच ठरलं होतं. आता ती म्हणे, मी जाणार नाही. शाळेत तिची ही एकच जवळची मैत्रीण होती. ती मैत्री तुटली तर या गावात माझ्या मुलीचं आपलं असं कुणी उरणार नव्हतं, आणि बदली तर अजून लांब होती.

कोजागरीच्या सकाळी मी दादूंकडे गेलो. मनात होतं की ते म्हणतील, पोरांची थट्टा आहे, मनावर घेऊ नका. ते मला आत देव्हाऱ्यापाशी घेऊन गेले. तिथं पाण्याचा घट होता आणि त्याच्या शेजारी एक जुना, झिजलेला लाकडी पाट. पाटावर काहीच नव्हतं.

त्यांचं मूळ घर बर्धमानकडचं. बर्गी येताहेत असं कळलं तेव्हा घरच्यांनी पितळेची लक्ष्मी तळ्यात सोडली आणि मिळेल त्या वाटेनं नदीपलीकडे पळाले. परत आले तेव्हा घर जळालेलं होतं. तळं उपसलं, पण मूर्ती सापडली नाही. तेव्हापासून त्या घरात नवी मूर्ती आणत नाहीत. पाट मांडतात आणि तो रिकामा ठेवतात.

"मांडवात मीही हसलो," दादू म्हणाले. "आता कोण ते खरं धरतं? पण आमच्याकडे ते खरोखरच आले होते."

मी म्हणालो, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्या पुस्तकात ती एक ओळ होती आणि आम्ही तिच्यावर खूश होतो.

दादूंनी पाट सरळ केला. मग म्हणाले, "मुलीला पाठवा. दारातलं पहिलं पाऊल तिला काढू दे. एकदा तिकडून कुणीतरी नीट आत येऊ दे."

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं, तिला कळेल अशा भाषेत, पण काही न गाळता. तिनं विचारलं, "बाबा, त्यांची लक्ष्मी आपण घेतली?" मी म्हणालो, घेतली नाही, पण आपल्या भीतीनं ती गेली. मुलगी उठली. मग पिठीत पाणी किती घालायचं हे आईला विचारायला गेली.

संध्याकाळी ती खाली निघाली तेव्हा जिन्यात पोरं होतीच. एकानं हाक मारली, "ए बर्गी!" ती वाटी सांभाळत, तिच्या फर्ड्या बंगालीत म्हणाली, "हो, मीच. सरक, पिठी सांडेल." तो सरकला.

त्या रात्री मी सरांना पत्र लिहिलं. त्यांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही.

आदरणीय सर,

आठवीत मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. नागपूरच्या फौजा बंगालात गेल्या तेव्हा तिथं काय झालं, हा. तुम्ही म्हणाला होतात, कळलं तर कळव. फार उशिरा कळवतो आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक घर आहे. त्यांची लक्ष्मी त्या धामधुमीत तळ्यात गेली ती गेलीच. त्यांचा पाट अजून रिकामा आहे. मी तो आज पाहिला.

तुमच्या ओसरीवर अजून मुलं शिकायला येतात असं ऐकतो. ती ओळ आली की थोडं थांबा आणि त्यांना या पाटाचं सांगा. त्यांची छाती थोडी कमी फुगेल, पण त्यांना प्रश्न सुचतील. मला तुमच्यामुळेच सुचला होता.

दारातलं पहिलं पाऊल माझ्या मुलीनं काढलं. जरा मोठंच झालं. मैत्रीण हसली, तर दादू म्हणाले, लक्ष्मी इतक्या लांबून चालत आली, पाय सुजणारच. आता दोघी खाली खिचडी खाताहेत आणि मी तिला वर बोलावत नाही.

आपला विद्यार्थी