न कळलेली अट

सायली गावातल्या आमच्या कारखान्यात सर्व्हर बघायला एक खानदेशी माणूस आला होता. कानावर पेन, तोंडात बडीशेप. सगळ्यांच्या वापराची एकच डिस्क जोडताना मी अट घातली होती, की एका फाइलवर दोघांनी एकदम लिहू नये. सॉफ्टवेअरला अट कळलीच नाही, तरी सॉफ्टवेअरने गुपचूप डिस्क जोडली. महिन्याभराची ड्रॉइंग एकमेकांवर चढून गेली.

"कळलं नाही तर जोडायचंच नाही. बोंब मारायची!" तो कडाडला.

त्याने बिनसाखरेचा चहा सांगितल्यावर कॅन्टीनवाल्याने मान डोलावली आणि गोडच आणला.

"हा पण तसलाच," तो म्हणाला.

मग त्याने मला तासभर उपाय समजावला. "कळलं ना, भो?"

मी झटकन मान डोलावली.

तो गार झालेला गोड चहा त्याने माझ्यापुढे सरकवला. "बोंब मारा ना, भो!"